बालकांच्या अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदे व त्यांची संप्रेरके



जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील बालरोगचिकित्सकांच्या या सभेचे अध्यक्षस्थान आपण मला दिलेत, याबद्दल आपले आभार मानून मी एका अशा रोगावर बोलण्याची अनुज्ञा मागतो की, जो दहा लाख मुलांमागे वर्षाला एकालाही होत नाही, जो आपल्यापैकी कित्येकांना उभ्या कारकिर्दीत भेटणार नाही, पण जो भेटला असता आपल्या अंगावरच आपला दाखला घेऊन येतो आणि तरीही पुष्कळदा उशिरा ओळखला जातो.

मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकाचे तीन थर आपणांस ठाऊकच आहेत: बाहेरचा अल्डोस्टेरॉन, मधला कॉर्टिसॉल आणि आतला पुरुषत्वदर्शक संप्रेरके निर्माण करतो. प्रौढांतील या भागाची अर्बुदे पुष्कळदा मुकी असतात. बालकांतील मात्र दहांपैकी सुमारे नऊ संप्रेरके स्रवतात, आणि त्यांतही पुरुषत्वदर्शक संप्रेरकांचे आधिक्य असते. गर्भावस्थेत या ग्रंथीचा फार मोठा भाग डिहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन सल्फेट बनविण्यात गुंतलेला असतो, त्यापासून अपरेत इस्ट्रोजेन तयार होते, आणि जन्मानंतर काही महिन्यांत तो भाग विरून जातो. बालकांतील अर्बुदाच्या पेशी याच गर्भकालीन भागाच्या वळणावर जातात, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे आणि मला ते पटते.

म्हणूनच तीन-चार वर्षांच्या मुलीच्या जांघेत केस दिसू लागतात, चेहऱ्यावर मुरमे उठतात, आवाज जाड होतो व उंची वयाला न शोभेल अशी झपाट्याने वाढते; मुलाचे शिश्न वाढते, पण वृषण बालवयाचेच राहतात, आणि हा विसंवादच वृषणेतर उगमाची खूण होय. घरातील मंडळी लाजेने गप्प बसतात, आपणही कपडे न काढता तपासणी उरकतो. आई बोलावयास कचरत असेल तर अहिराणी बोलणाऱ्या आजीला विश्वासात घ्यावे; तिने ही गोष्ट आंघोळ घालताना केव्हाच हेरलेली असते. कॉर्टिसॉल वाढले असता मूल गोल चेहऱ्याचे व गुबगुबीत होते, शेजारीपाजारी त्याला गुटगुटीत म्हणून वाखाणतात, आणि त्याची उंची थांबली आहे, रक्तदाब चढला आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. केवळ आहाराने लठ्ठ झालेले मूल बहुधा उंचीनेही वाढते. सबब वजनाच्या शेजारी उंचीचा रकाना आपल्या दप्तरात रिकामा राहता कामा नये. अर्थात नायट्यावरची स्टेरॉइडयुक्त मलमे आणि दम्यावर दिलेल्या अज्ञात पुड्या यांची चौकशी प्रथम करावी, कारण तेच रूप त्यांनीही येते.

दक्षिण ब्राझीलमधील पाराना प्रांतात या अर्बुदाचे प्रमाण इतरांहून दहा ते पंधरा पट आहे. तेथे टीपी-५३ या अर्बुदरोधक जनुकातील एक विशिष्ट आनुवंशिक बदल २००१ साली उघडकीस आला, आणि पुढे १,७१,६४९ नवजातांच्या चाचणीत ४६१ बालकांत तो आढळला. आपल्याकडेही असे मूल आढळताच त्याच्या कुटुंबातील कर्करोगांची कैफियत नोंदवून घ्यावी.

निदानाची वाट सुस्पष्ट आहे. जन्मजात अधिवृक्क-अतिवृद्धी वगळण्यासाठी तीत वाढणारे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजावे, अर्बुदातील संप्रेरके डेक्सामेथासोनने सहसा दबत नाहीत, हेही लक्षात ठेवावे, सोनोग्राफी करावी, मात्र गाठीत सुई घालू नये, कारण तिचे आवरण फुटल्यास रोग पोटात पसरू शकतो. गाठ अखंड काढणे हाच मुख्य उपचार, आणि त्यासाठी मुंबईस १९२९ पासूनचे वाडिया बालरुग्णालय व १९४१ पासूनचे टाटा स्मारक रुग्णालय आहे.

पण शस्त्रक्रियेनंतर मूल शिरपुरास किंवा यावलास परतते, त्या वेळचा मामला सर्वस्वी आपला असतो. कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या गाठीने दुसरी ग्रंथी निद्रिस्त केलेली असते, व ती जागी होईपर्यंत साधा ताप किंवा उलटीही प्राणावर बेतू शकते. त्या मुलाजवळ हायड्रोकॉर्टिसोन केव्हा व किती द्यावे याची मराठीतील चिठ्ठी असली पाहिजे, आणि जवळच्या दवाखान्यात त्या औषधाची कुपी रात्रीही हाताशी असली पाहिजे. त्याचप्रमाणे ओसरलेली संप्रेरके पुन्हा वाढू लागली तर रोग उलटल्याचा तो पहिला इशारा समजून रक्ततपासणी ठरल्या मुदतीत व्हावी, आणि धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा बालकांची संयुक्त नोंदवही ठेवावी, असा ठराव मी सभेपुढे मांडतो.