जपानमधील स्थलदर्शन आणि जीर्णोद्धाराची रीत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या प्रवासविषयक व्याख्यानाचे काम कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे अलीकडे जपानची सहल करून येतात. काहींची मुले तेथे शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त राहतात. तेव्हा तेथील प्रेक्षणीय स्थळांची नुसती नामावळी वाचून दाखविण्यात हशील नाही. ती स्थळे पाहताना मनात कोणता प्रश्न बाळगावा, एवढेच मी आज सांगणार आहे. प्रश्न असा की, ज्या देशातील बांधणी मुख्यतः लाकडाची, आणि ज्याच्या पाठीमागे भूकंप, आगी व तुफाने हात धुऊन लागलेली, त्या देशात इतके प्राचीन वैभव इतक्या नीटसपणे टिकले कसे? आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो, तो तेथे कोणत्या रीतीने होतो?

प्रारंभ नारा या प्राचीन राजधानीपासून करू. तेथील तोदाइजी मंदिरात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धाची भव्य ब्राँझमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलनविधी झाला. आपल्याकडे मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या वेळी डोळे उघडण्याचा संस्कार होतो, तसाच हा. हा मान भारतातून तेथे गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला होता, हे ऐकून आपणांस धन्यता वाटेल. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोर जोडलेला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरून त्या पुण्यकर्मात भाग घेतला. तो कुंचला आणि तो दोर तेथील शोसोइन या प्राचीन भांडारात आजही जपून ठेवलेले आहेत. मूर्तीवरचे मंदिर मात्र ११८० आणि १५६७ या दोन वर्षी युद्धाच्या आगीत भस्मसात झाले. आजची वास्तू १७०९ मध्ये पूर्ण झाली. ती मूळच्यापेक्षा रुंदीने बरीच कमी आहे, तरीही तिच्यापुढे उभे राहिल्यावर मान आपोआप वर जाते. आतील एका खांबाच्या तळाशी एक चौकोनी भोक आहे. ते मूर्तीच्या नाकपुडीएवढे आहे असे सांगतात, आणि त्यातून सरपटत पलीकडे जाण्यासाठी बालगोपाळांची रांग लागलेली असते.

नाऱ्याच्या नैर्ऋत्येस होर्यूजी हे मंदिर आहे. जगातील आजमितीस उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत त्याच्या मुख्य वास्तू सर्वांत जुन्या मानल्या जातात. त्यांचे वय सुमारे १,३०० वर्षे. येथील सुवर्णगृहाच्या भिंतींवर अशी चित्रे होती की, अजिंठ्याच्या बोधिसत्त्वांची बहिणभावंडेच जणू. अभ्यासकांनी या दोहोंची तुलना पुष्कळ वेळा केली आहे. परंतु २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, दुरुस्तीचे आणि चित्रांच्या प्रती काढण्याचे काम चालू असतानाच, तेथे आग लागली आणि ती चित्रे करपून गेली. सबंध राष्ट्र हळहळले. पण ते हळहळण्यावर थांबले नाही. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस देशभर या ठेव्याचा अग्निप्रतिबंधक दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास ठिकठिकाणच्या मंदिरांत बंब आणून कवायती होतात. करपलेल्या भिंती फेकून न देता वेगळ्या जतन केल्या आणि मूळ जागी नामांकित चित्रकारांनी काढलेल्या प्रतिकृती बसविल्या. जे गेले ते परत येत नाही, हे मान्य करूनच त्यांनी पुढचे पाऊल टाकले.

क्योतो नगरीत किन्काकुजी हा सोन्याच्या वर्खाने मढविलेला मंडप तलावात आपले प्रतिबिंब पाहत उभा असतो. १९५० मध्ये तो जळाला आणि १९५५ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याची छायाचित्रे आपण सर्वांनीच पाहिलेली असतील. पण त्याच नगरीत सांजूसांगेंदो या नावाचा सुमारे १२० मीटर लांबीचा लाकडी सभामंडप आहे, तो कोणीही चुकवू नये. तेथे कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ उभ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे रक्षक म्हणून आपले इंद्र व ब्रह्मदेव जपानी वेशात उभे आहेत. या मूर्तींची दुरुस्ती १९७३ मध्ये हाती घेतली, ती संपली २०१७ च्या अखेरीस. म्हणजे ४५ वर्षे एकच काम! ज्यांनी आरंभ केला त्यांतील कित्येकांनी शेवट पाहिला नसेल. ते काम घाईने उरकावे असे मात्र कोणास वाटले नाही.

आपल्याला गडकोटांचे अगत्य स्वाभाविकच अधिक. त्यांनी हिमेजीचा किल्ला अवश्य पाहावा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतींमुळे त्याला शुभ्र बगळ्याचा किल्ला म्हणतात. त्याचा मुख्य बुरुजवाडा १६०९ मध्ये पुरा झाला. १९५६ ते १९६४ या काळात तो खांब, तुळई, कौल असा सुटा करून, निकामी झालेले तेवढेच बदलून, पुन्हा जसाच्या तसा जोडण्यात आला. २००९ ते २०१५ या काळात त्याच्या छपराची व गिलाव्याची पुन्हा दुरुस्ती झाली.

जपानमध्ये सर्वत्र असेच घडले असे मात्र समजू नये. ओसाकाचा किल्ला १९३१ मध्ये आणि नागोयाचा १९५९ मध्ये उभारला गेला तो सिमेंट-काँक्रीटचा, आत उद्वाहनासह. त्यांतील नागोयाचा मुख्य बुरुज भूकंपात टिकाव धरील की नाही या शंकेने २०१८ मध्ये प्रेक्षकांना बंद करावा लागला. सिमेंटची साठ वर्षे आणि होर्यूजीच्या लाकडाची तेरा शतके, यांचा हिशेब आपणच मांडावा.

या सर्वांवर कळस म्हणजे इसे येथील सूर्यदेवता आमातेरासूचे मंदिर. रंग नाही, कोरीवकाम नाही. सुगंधी हिनोकी लाकडाचे साधे खांब आणि गवताचे छप्पर. तेही कुंपणांच्या आड असते; भाविकाला गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही आणि पायऱ्यांच्या वर छायाचित्र घेण्यास बंदी आहे. तरीही त्या वनराईतून चालताना मन शांत होते. येथे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नेमके तसेच नवे मंदिर बांधतात, देवतेला समारंभाने तेथे नेतात आणि जुने उतरवितात. ही प्रथा इ. स. ६९० पासूनची. मध्यंतरी यादवीच्या काळात ती शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली, पण पुन्हा सुरू केली गेली. २०१३ मध्ये ६२ वी वेळ झाली; पुढची २०३३ मध्ये येईल, आणि तिचे पूर्वविधी २०२५ मध्येच सुरू झाले आहेत. देवीची वस्त्रे, शस्त्रे, अलंकार अशा १,५७६ वस्तूही जुन्या रीतीने नव्याने घडवितात. उतरविलेले लाकूड वाया जात नाही. मुख्य खांबांतून पुलाच्या दोन टोकांच्या कमानी होतात, आणि पुढील २० वर्षांनी त्या कमानींचे लाकूड दुसऱ्या गावच्या कमानींसाठी जाते.

वीसच वर्षे का? याचे जे उत्तर मला सर्वांत पटले ते असे. विशीतला उमेदवार सुतार पहिल्या खेपेस हाताखाली काम करतो, चाळिशीत तोच मुख्य कारागीर होतो आणि साठीत देखरेख करतो. मंदिर नवे होते, आणि त्याबरोबर ते बांधणारे हातही तयार होतात. लाकडाचीही तरतूद आहे. १९२३ पासून मंदिराच्या मालकीच्या अरण्यात दोनशे वर्षांचा हिशेब धरून हिनोकीची लागवड चालू आहे. ज्याने रोप लावले त्याच्या पणतूलाही कदाचित तो खांब दिसणार नाही! जपान सरकारने १९७५ पासून अशा जतनविद्येच्या जाणकारांना रीतसर मान्यता देण्यास प्रारंभ केला, आणि २०२० मध्ये लाकडी वास्तूंच्या जतनाची ही कौशल्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाली.

निसर्गाच्या बाबतीतही हीच दृष्टी आढळते. जपानी लोक तीन देखावे सर्वश्रेष्ठ मानतात. मात्सुशिमाच्या उपसागरातील पाइनवृक्षांनी नटलेली सुमारे २६० बेटे हा पहिला. २०११ च्या सुनामीत या बेटांनी किनाऱ्यावरील लाटांचा जोर पुष्कळसा मोडला. दुसरा आमानोहाशिदाते, म्हणजे स्वर्गसेतू: साडेतीन किलोमीटरांहून लांब अशी समुद्रातील वाळूची पट्टी. टेकडीवर पाठमोरे वाकून दोन पायांमधून पाहिले म्हणजे ती आकाशात चढल्यासारखी दिसते, आणि सत्तरीचे आजोबाही तेथे निःसंकोच ओणवे होतात. तिसरा मियाजिमा. तेथील समुद्रात उभी असलेली लाल कमान १८७५ ची. ती केवळ स्वतःच्या भाराने उभी आहे. २०१९ ते २०२२ या काळात तिची दुरुस्ती झाली.

आणि ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत तर आहेच. २०१३ मध्ये तो जागतिक वारसा ठरला आणि गर्दी उसळली. म्हणून २०२४ मध्ये यामानाशीकडील वाटेवर दिवसाला ४,००० गिर्यारोहकांची मर्यादा घालण्यात आली, आणि २०२५ मध्ये सर्व वाटांवर ४,००० येन शुल्क झाले. २०२४ या एका वर्षात ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे जपानला गेले. क्योतोच्या गिओन भागातील काही खाजगी गल्ल्या रहिवाशांना प्रवाशांसाठी बंद कराव्या लागल्या. आपण पाहुणे म्हणून जातो, हे भान आपल्या मंडळींनी तेथे ठेवावे, अशी नम्र सूचना करतो.

आता एक विनंती करून आटोपते घेतो. आपल्या कुलदेवतांच्या कित्येक देवळांचे जीर्णोद्धार आपल्याच वर्गणीतून होत असतात. भक्तीत उणे नसते. पण पुष्कळदा जुना लाकडी मंडप उतरतो, कोरलेले खांब जळाऊ म्हणून जातात आणि त्या जागी चकचकीत फरशी येते. उद्धार होतो तो सिमेंटचा. जीर्ण होते ती विद्या. यापुढे काम निघेल तेव्हा आधी जुन्या वास्तूची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत, जाणकाराचा सल्ला घ्यावा, आणि जे टिकण्यासारखे आहे ते टिकवावे. दुसरे असे की, आपल्या शिष्यवृत्त्या वैद्यक आणि यंत्रविद्या शिकणाऱ्यांना मिळतात, हे योग्यच आहे. त्यांत एखादी पारंपरिक सुतारकाम, पाषाणशिल्प किंवा प्राचीन चित्रांचे जतन शिकणाऱ्या मुलासाठी वा मुलीसाठी असावी. मग ते मूल आपल्या ज्ञातीचे असो वा नसो. देऊळ बांधणाऱ्या हातांची जात आपल्या पूर्वजांनीही विचारली असती तर ती देवळे उभी राहिली नसती.