गादीवरून उतरण्याची तयारी

(मंडळाच्या पूर्णा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात एका मास्तराने निवृत्तीविषयी बोलावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. उभ्या जन्मात मी तराजू हाती धरलेला नाही. परंतु निवृत्तीचा अनुभव मात्र मला आहे, आणि समोर बसलेल्या बहुतेक मंडळींना तो नाही. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मी हजेरीपत्रक आणि कपाटाच्या किल्ल्या मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केल्या, शाल व नारळ घेतला आणि घरी आलो. आपले पूर्णा तर रेल्वेचे गाव. येथे कोणता गार्ड, कोणता फिटर कोणत्या महिन्यात निवृत्त होणार हे शेजाऱ्यालाही ठाऊक असते. मोंढ्यातल्या आडत्याला किंवा किराणा-कापडाच्या दुकानदाराला मात्र असा हुकूम कोणी पाठवीत नाही. त्याचा हुकूम बहुधा एकदम वरूनच येतो, आणि तो आला म्हणजे कार्यभार देण्यास सवड मिळत नाही.

आपल्या समाजातील किती दुकाने मालकाच्या वहीत आहेत आणि किती त्याच्या डोक्यात आहेत, याचा विचार आपण कधी केला आहे काय? रोजकीर्द आणि खतावणी मुलाला वाचता येते. आता तर संगणकावर सर्व हिशेब मांडलेला असतो. पण अमक्या गावच्या शेतकऱ्याला बियाण्यासाठी उचल दिली ती कशाच्या भरवशावर दिली, तमक्याची उधारी तीन हंगाम का ओढली, कोणत्या खरीददाराचा शब्द खरा आणि कोणाचा धनादेश खिशात ठेवण्यापुरताच चांगला, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एका कुटुंबात हे मी जवळून पाहिले. वडिलांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता, मुलगा वही उघडून एकेका नावावर बोट ठेवी आणि वडील डोळ्यांतून पाणी काढीत. येणे असलेल्यांपैकी प्रामाणिक होते ते आपण होऊन आले. बाकीच्यांनी ‘आम्ही तुझ्या वडिलांना दिले’ असे सांगितले, आणि त्या मुलाजवळ त्यावर उत्तर नव्हते. दुकानाची पत चाळीस वर्षांत उभी राहिली होती. ती दोन हंगामांत गेली. ज्या शेतकऱ्यांचा माल त्या दुकानी उतरत असे त्यांचीही त्यात ओढाताण झाली.

तेव्हा मालकाने मुलाच्या हाती द्यावयाची मुख्य वस्तू तिजोरीची किल्ली नसून निर्णय घेण्याची सवय होय. ती एका दिवसात देता येत नाही. आपल्या रेल्वेत एक पद्धत आहे. चालक कितीही शिकलेला असो, एखाद्या नव्या मार्गावर त्याच्या हाती एकदम गाडी देत नाहीत. त्या मार्गावर जाणत्या चालकाबरोबर त्याला दिवसा व रात्री फेऱ्या कराव्या लागतात; कोठे चढ आहे, कोठे वळण आहे, कोणता सिग्नल कोणत्या बाजूला आहे, हे तो पाहून घेतो, आणि मार्ग ओळखीचा झाला अशी सही केल्यावरच एकटा जातो. याला ती मंडळी ‘रोड लर्निंग’ म्हणतात. आपल्याकडे मुलगा वीस वर्षे दुकानात बसतो खरा, पण तो पुष्कळदा डब्यात बसलेल्या उतारूसारखा बसतो. बाप इंजिनात एकटाच.

माझी सूचना अशी की, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास मालकाने पाच पाडवे मोजावेत. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होते, त्याच दिवशी एकेक खाते मुलाकडे द्यावे. प्रथम किरकोळ खरेदी द्यावी, मग वसुली. वसुलीसाठी मुलाला गावोगाव पाठवावे, म्हणजे माणसे ओळखू येतील. त्यानंतर उधारी देण्याचा अधिकार द्यावा, आणि हा टप्पा सर्वांत कठीण आहे, कारण मुलगा येथे चुकणार. एका ठरावीक रकमेपर्यंत चुकण्याची त्याला मोकळीक असावी, आणि चुकला तर गिऱ्हाइकासमोर त्याला बोलू नये. मुनीमजींसमोर तर मुळीच बोलू नये. ज्या दुकानात मुनीम मालकाच्या मुलाला ‘थोरल्या मालकांना विचारून सांगतो’ असे म्हणतो, तेथे हस्तांतर कागदावर झाले तरी झालेले नसते. बँकेचे व्यवहार आणि मोठे सौदे शेवटी द्यावेत.

कागदाचा विषय निघाला म्हणून थोडे कायद्याचे सांगतो. कंटाळवाणे आहे, पण ऐकावे. दुकान एकट्या मालकाच्या नावावर असेल तर २०१७ पासूनची जीएसटीची नोंदणी त्याच्या पॅनशी बांधलेली असते. तो गेला की वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि शिल्लक राहिलेली कराची वजावट नव्या नावावर नेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. घरात दुःख असताना ही धावपळ होते. याकरिता मुलाला वेळीच भागीदार करून घेणे बरे. मात्र १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागी मोडते. आणि बापलेक दोघेच भागीदार असतील तर करारात काहीही असो, एक गेल्यावर भागी राहतच नाही. तिसरे नाव असावे. ते पत्नीचे, सुनेचे किंवा मुलीचे का असू नये? दुसरी गोष्ट, भागीतून निवृत्त झालेल्या माणसाने जाहीर सूचना दिली पाहिजे. भागी नोंदलेली असेल तर फर्मच्या निबंधकांस कळवून, राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या वृत्तपत्रात ती द्यावी लागते. ती दिली नाही तर पुढे मुलाने केलेल्या देण्याबद्दल घरी जप करीत बसलेल्या वडिलांनाही लोक जबाबदार धरू शकतात.

आता मोठ्या घराण्यांकडे पाहू. मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्यानंतर मल्हाररावांनी सून अहिल्याबाईंकडे दौलतीचा कारभार थोडाथोडा सोपवला; वसुली, रसद, तोफखान्याची व्यवस्था अशी कामे त्यांना सांगितली. १७६६ साली मल्हारराव वारले, पुढच्याच वर्षी नातू मालेराव गेले, आणि तरीही दौलत कोसळली नाही. अहिल्याबाईंनी ती १७९५ पर्यंत चालवली. औंढा नागनाथाच्या दर्शनाला आपण जातो तेव्हा तेथील जीर्णोद्धाराच्या संदर्भात त्यांचे नाव ऐकतोच. सासऱ्याने बारा वर्षे आधी कारभार शिकवला होता, ही गोष्ट मात्र आपण विसरतो.

अलीकडचे उदाहरण टाटांचे. जेआरडी टाटा १९३८ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षे, टाटा सन्सचे अध्यक्ष होते. परंतु त्यांनी १९८१ सालीच टाटा इंडस्ट्रीज या एका कंपनीचे अध्यक्षपद रतन टाटांकडे दिले आणि दहा वर्षांनी मुख्य गादी दिली. रतन टाटांनीही निवृत्तीपूर्वी वर्षभर सायरस मिस्त्री यांना उपाध्यक्ष म्हणून जवळ ठेवले आणि २८ डिसेंबर २०१२ रोजी, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, पद सोडले. पुढे काय झाले ते आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मिस्त्री यांना दूर करण्यात आले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ साली निकाल टाटा सन्सच्या बाजूने लागला. न्यायालयाने जे सांगितले त्यात मी पडत नाही. मला त्यात आपल्या दुकानांसारखे काही दिसते. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग टाटा विश्वस्त निधींकडे आहेत, आणि त्या निधींचे प्रमुखपद रतन टाटांकडेच राहिले होते. चालवणारा एक आणि मालकी पाहणारा दुसरा, अशी ती मांडणी होती. आपल्याकडेही पाटीवर मुलाचे नाव येते. इमारत, ठेवी आणि शेवटचा शब्द वडिलांकडे राहतो. तसे ठेवायचे असल्यास खुशाल ठेवावे, पण कोणती गोष्ट विचारून करायची आणि कोणती न विचारता, हे दोघांनी लिहून ठरवावे.

न लिहिण्याचे फळ अंबानी कुटुंबाने पाहिले. धीरूभाईंना १९८६ साली पक्षाघाताचा पहिला झटका आला. त्यानंतर सोळा वर्षे मिळाली असूनही २००२ मध्ये ते मृत्युपत्र न करता गेले. दोन भावांतील वाटणी २००५ साली आईला मध्यस्थ होऊन करावी लागली. मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे अशुभ मानतात. विमा उतरवताना मात्र कोणी अशुभ मानीत नाही! ज्याचा एक मुलगा दुकानात आणि दुसरा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीत आहे, त्याने दुकान कोणाचे आणि घर कोणाचे हे स्वतःच्या हयातीत सांगून टाकावे. मुलींचे स्मरण ठेवावे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. साडी-चोळीवर भागवण्याचे दिवस गेले, आणि गेले ते बरे झाले.

काही वडीलधारी मंडळी गादी सोडीत नाहीत ती लोभाने नव्हे, भीतीने. गल्ला गेला की दोन रुपयांसाठी सुनेकडे हात पसरावा लागेल, ही ती भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ताट द्यावे पण पाट देऊ नये, असे आपल्या आजीबाई म्हणत. राहते घर आणि आपल्या उदरनिर्वाहाची रक्कम स्वतःच्या आणि पत्नीच्या नावे ठेवावी. साठी उलटलेल्यांना टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून व्यापाऱ्यांनाही खुली आहे, पण ती चाळिशीतच सुरू करावी. मिळकत मुलाला बक्षीस द्यायचीच असेल तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट लेखातच घालावी. २००७ च्या कायद्यान्वये अशी अट असून सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द करू शकते. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे हे काम असते. बापाजवळ स्वतःचे चार पैसे असले म्हणजे तो दुकानात येऊन गल्ल्याकडे पाहात बसत नाही, हा मुलाचाही फायदाच.

ज्यांच्या घरी चालवणारेच कोणी नाही त्यांनी दुकान आपल्या हयातीत, पत शाबूत असताना, जुन्या मुनीमाला किंवा होतकरू ज्ञातिबंधूला हप्त्याने द्यावे. कुलूप लावून ठेवलेल्या दुकानाला गिऱ्हाईक मिळत नाही.

राहिला प्रश्न दिवसभर करायचे काय. पहिल्या महिन्यात मीही घरात डब्यांच्या जागा बदलल्या होत्या आणि सौभाग्यवतींनी त्या परत बदलल्या. व्यापाऱ्यांचे तसे होऊ नये म्हणून माझे एक मागणे आहे. आपल्या समाजातील मुले पदव्या घेतात, परंतु रोजकीर्द लिहिता येत नाही आणि मालाची प्रत हाताने ओळखता येत नाही. संध्याकाळी तासभर निवृत्त व निवृत्त होऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यांना हे शिकवावे. फळा, खडू आणि हजेरी मी पाहीन. पहिला वर्ग येत्या पाडव्यानंतरच्या सोमवारी भरवावा असा विचार आहे. शिकवू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे चिटणीसांकडे द्यावीत, आणि त्या तासाला येताना दुकानाच्या किल्ल्या मुलाजवळ ठेवून यावे.