अम्लाने कोरलेले रान
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



निलगिरीचे झाड आपल्यापैकी कोणालाच अपरिचित नाही. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, सामाजिक वनीकरणाच्या पट्ट्यांत ते सरळ रांगेने उभे असते. परंतु त्याचे माहेर ऑस्ट्रेलिया, आणि माहेरी ते असे शिस्तीत वागत नाही. तेथे त्याच्या शेकडो जाती आहेत. कोरड्या, खडकाळ भूमीवर ती झाडे विखुरलेली असतात. पाने करडी-हिरवट, सावली विरळ, बुंध्यावरून सालीच्या चिंध्या लोंबणाऱ्या. अशा देशी रानाला तेथील लोक ‘बुश’ म्हणतात. शब्दाचा अर्थ झुडूप. पण त्यांच्या तोंडी तो सबंध रानमाळाला लागतो.

हे रान चित्रात आणणे महाकठीण. जवळ एक डेरेदार वृक्ष, मध्ये नदी, मागे निळा डोंगर, अशा मांडणीची युरोपीय डोळ्याला सवय. बुशमध्ये यातले काहीच हाती लागत नाही. जिकडे पाहावे तिकडे तेच ते. नजर टेकावी असे ठिकाणच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेलबर्नजवळच्या हायडेलबर्ग परिसरातील चित्रकारांनी तेथले ऊन आणि वाळलेल्या गवताचा पिवळा रंग पकडला, ही मोठीच कामगिरी. पुढे मात्र अनुकरण इतके झाले की निलगिरीचे चित्र म्हणजे दिवाणखान्यातली गुळगुळीत शोभा ठरली.

अशा झिजलेल्या विषयाला फ्रेड विल्यम्स या चित्रकाराने हात घातला. त्याचा जन्म १९२७ मध्ये मेलबर्नच्या रिचमंड भागातला. १९५० च्या दशकात तो काही वर्षे लंडनला होता. चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या दुकानात नोकरी करून पोट भरायचे आणि कलाशिक्षण घ्यायचे, असा क्रम. तेथील सेंट्रल स्कूलमध्ये तो अम्लरेखन, म्हणजे एचिंग, शिकला. त्या वेळी त्याचे विषय होते संगीत-नाट्यगृहांतले गायक आणि कसरतपटू; रानाचा मागमूस नव्हता. १९५६ च्या सुमारास तो मायदेशी परतला आणि निलगिरीच चितारायची असे त्याने ठरवले. हे आता कितीदा झाले, असे म्हणणारे स्नेही भेटले. त्याने ऐकले नाही.

अम्लरेखनाची रीत येथे थोडी सांगावयास हवी. तांब्याच्या अथवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर देतात. सुईने तो थर खरवडला की खाली धातू उघडा पडतो. पत्रा अम्लात ठेवला की उघडी रेषाच तेवढी खाल्ली जाते. अधिक वेळ ठेवावा तर रेषा खोल होते आणि छापताना अधिक काळी उमटते. मग शाई भरायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागदासह पत्रा दाबयंत्रातून काढायचा. (बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विभागाने आपल्याकडे या कलेला मोठा आधार दिला. तेथील ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्रॅट संस्थेत या तऱ्हेच्या मुद्रणाचा अभ्यास केला होता.)

आता गंमत अशी की, ज्या गोष्टी रंगाच्या कुंचल्याला छळत होत्या त्याच सुईच्या पथ्यावर पडल्या. अम्लाने खाल्लेला एक ओबडधोबड ठिपका पान असू शकतो, खडक असू शकतो, दूरचे झुडूपही असू शकतो. कोवळ्या झाडांच्या दाटीसाठी उभ्या रेघा पुरतात. १९६० च्या दशकात मेलबर्नच्या नैर्ऋत्येस असलेल्या यू यँग्स या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तो वारंवार गेला. तेथून खाली पसरलेला माळ पाहताना क्षितिजाची रेघ त्याला नकोशी झाली असावी. काही चित्रांतून ती पार गळालीच. उरली जमीन आणि तिच्यावर विखुरलेल्या खुणा. केंद्र नसणे हा या रानाचा दोष नसून तेच त्याचे रूप आहे, हे येथे प्रथमच इतक्या निर्भीडपणे मांडले गेले. तोच पत्रा तो पुन्हा कोरी, पुन्हा छापी. ठशात गवसलेले पुढे तैलचित्रात नेई. मुद्रणाला चित्रकलेची धाकटी बहीण समजणाऱ्यांनी हा उलटा प्रवाह अवश्य पाहावा.

फेब्रुवारी १९६८ मध्ये डँडेनाँग टेकड्यांतील वणवा अपवे येथील त्याच्या घराजवळ येऊन ठेपला. घर वाचले. त्यानंतर जळालेली भूमी आणि राखेतून वर येणारे नेचे त्याने अपारदर्शक जलरंगांत रंगवले. निलगिरीच्या अनेक जातींत सालीखाली सुप्त अंकुर असतात. बुंधा कोळशासारखा झाला तरी त्यातून पालवी फुटते. मात्र २०१९-२० च्या वणव्यांत ३३ माणसे प्रत्यक्ष आगीत दगावली आणि रानाचे अतोनात क्षेत्र जळाले. एवढा मारा वारंवार झाला तर हे रान कितपत सावरेल, हा तेथला आजचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

एक उणीवही सांगितली पाहिजे. विल्यम्सच्या ठशांतील रान निर्मनुष्य दिसते. ते तसे कधीच नव्हते. यू यँग्स ही वाडावुरुंग लोकांची भूमी. ते हजारो वर्षे तेथे राहिले, आणि ग्रॅनाइटच्या खडकांतील खळगे रुंदावून त्यांत पावसाचे पाणी साठवीत. १९९२ च्या माबो निकालापर्यंत ऑस्ट्रेलियाचा कायदा ही भूमी वसाहतीपूर्वी कोणाच्याच मालकीची नव्हती असे धरून चालत होता. विल्यम्स १९८२ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी वारला. तो निकाल त्याने पाहिला नाही. ते खळगे मात्र त्या टेकड्यांवर अजून आहेत.