पेटीतले काय ठेवायचे?



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो, ते विट्याच्या यंत्रमागांवर रात्रपाळ्या करताना आणि युनियनच्या कचेरीत जे एक पुस्तकांचे कपाट होते, त्याच्या आधाराने. चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा बोनसवर बोलेन, असे त्यांना वाटले असावे. मी म्हटले, "घरातले जुने फोटो आणि लहानपणच्या वस्तू यांचे काय करावे, यावर बोलतो." ते जरा थबकले. मग म्हणाले, "हा तर घरोघरचा प्रश्न आहे."

प्रश्न घरोघरचा आहे, हे खरेच. आपल्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात. भांडी, वाकळा, डबे, सगळे बाहेर निघते. घर धुऊन होते. त्यात एक पत्र्याची पेटी निघते. ती उघडली की काम थांबते. एखादी कुंची निघते, चांदीचे काळे पडलेले वाळे निघतात, फुटकी पाटी निघते, कडा कुरतडलेले फोटो निघतात. घरातली जुनी माणसे त्याभोवती बसतात, तरुण माणसे म्हणतात, "हे कशाला ठेवलंय?" थोडी बोलाचाली होते आणि पेटी होती तशीच पुन्हा माळ्यावर जाते. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच.

आता मी कोणत्या अधिकाराने बोलतो, ते सांगतो. कामगार चळवळीत निम्मे काम कागद सांभाळण्याचे असते. हजेरीचा कागद नसला, पगाराची पावती नसली, म्हणजे खरे बोलणारा माणूसही कोर्टात खोटा ठरतो. तीस वर्षे मी कामगारांना सांगत आलो, "बाबांनो, चिटोरे टाकू नका." आणि हे सांगणाऱ्या माणसानेच आपल्या बापाचे कागद स्वतःच्या हाताने चुलीत घातले. ती हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

माझे वडील १९६१ साली मुंबईला गेले. माणदेशात पाऊस रुसला, की माणसाला दोनच वाटा होत्या. कोणी गलाईच्या धंद्यात परमुलखात जाई, कोणी गिरणीत. वडील लालबागेत एका गिरणीच्या साचेखात्यात लागले. एका खोलीत दहा-बारा गडी. पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे फळीवरची एक पेटी. माणसाचा सगळा संसार त्या पेटीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. माणसे तेवढी थकून गावी परतली. १९८३ साली वडील आले ते तीच पेटी डोक्यावर घेऊन. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पेटीत खाऊ असेल, म्हणून मी धावलो. त्यात कागद होते.

वडील २००६ साली वारले. २००९ साली आम्ही जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले. गवंडी दारात उभे, पाहुणे मदतीला आलेले आणि मला घाई. पेटी उघडली. पिवळे पडलेले कागद, काही पत्रे, पावत्या, दोरीने बांधलेले गठ्ठे. वाळवी लागलेली. मी वरवर पाहिले आणि म्हटले, "गिरणी गेली, माणूस गेला, आता या कागदांना काय करायचे?" आणि गठ्ठे पाणी तापवायच्या चुलीत सारले. आई आत होती. ती बाहेर आली, तेव्हा अर्धे जळून गेले होते. ती एवढेच म्हणाली, "आरं, त्यात तुझ्या बापाचा पास हुता की."

माझी थोरली बहीण त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिने पेटीच्या तळाशी चिकटलेला एक फोटो सोडवून घेतला. म्हणाली, "ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे." मी म्हटले, "ने." फोटोत चार तरुण गडी, डोक्याला टोपी, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा. त्यातले एक आमचे वडील. बाकीचे तिघे कोण, याची मी चौकशीही केली नाही.

पुढे काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे द्यायची, असे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो किंवा त्याचा वारस अर्ज करू शकत होता. २०१२ च्या जून महिन्यात म्हाडाने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. २०२३ साली अर्जदारांची कागदपत्रे तपासण्याची मोठी मोहीम झाली. त्यात कोणते पुरावे मागितले, ते ऐका: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सर्व्हिसचे प्रमाणपत्र, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, हजेरीपत्रक, पगाराची पावती. मंडळी, मी जे चुलीत घातले, त्याचीच ती यादी होती.

मी खूप हात-पाय मारले. नुसत्या नावावर काही सापडेना. एकेका नावाचे कितीतरी कामगार. शेवटी बहिणीला तो फोटो आठवला. तो उलटा करून पाहिला, तर मागे पेन्सिलीने वडिलांच्या अक्षरात चार नावे, चारही गावे, १९६८ साल आणि खाली पत्ता: गिरणीचे नाव, साचेखाते, तिकीट नंबर. वडिलांनी तो फोटो आजोबांना पाठवलेला होता. आजोबांना लिहिता येत नव्हते. पत्र लिहून देणाऱ्याला पत्ता मिळावा, म्हणून तो मागे लिहिलेला. त्या नंबरावरून फंडाच्या नोंदीत नाव मिळाले आणि आमचा अर्ज मार्गी लागला. घर अजून मिळालेले नाही. दीड लाखाच्या आसपास अर्ज आणि घरे त्या मानाने थोडी. आई वाट पाहते आहे.

पण मला सांगायचे आहे ते याच्याही पुढचे आहे. फोटोमागच्या नावांवरून मी बाकीच्या तिघांची घरे शोधली. दोन घरे आपल्याच तालुक्यात निघाली. त्यातल्या एका घरी फोटोची प्रत घेऊन गेलो. तिथला नातू तिशीचा. त्याने फोटो हातात घेतला आणि विचारले, "यातला आमचा आजा कोणता?" त्या घरात त्या माणसाचा एकही फोटो नव्हता. नातवाने आजोबाचे तोंड पहिल्यांदा पाहिले, ते माझ्या बापाने मागे नाव लिहून ठेवले होते म्हणून. नाव नसते, तर त्या फोटोत नुसते चार टोपीवाले होते.

ज्यांच्याकडे सत्ता आणि पैसा असतो, त्यांच्या वस्तू जपायला संग्रहालये असतात. हा आपला गाव पूर्वी औंध संस्थानात होता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर जमवलेल्या चित्रांचे आणि वस्तूंचे संग्रहालय १९३८ साली उभे केले. ते आजही पाहायला मिळते. गरिबाचे संग्रहालय म्हणजे त्याची पेटी. आपल्या मातीतल्या साध्या माणसांना व्यंकटेश माडगूळकरांनी 'माणदेशी माणसे' या १९४९ सालच्या पुस्तकात जागा दिली, म्हणून ती माणसे राहिली. गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी ऐकून घेतल्या आणि २००४ साली ग्रंथरूपाने आणल्या, म्हणून त्या राहिल्या. पण प्रत्येक घरी लेखक येत नाही. आपल्या घरातली नोंद आपणच ठेवली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "मग काहीच टाकू नये." तसे माझे म्हणणे नाही. सगळेच ठेवणारा माणूसही काही जपत नाही. ढिगाखाली चांगले-वाईट सारखेच कुजते. आपल्या तालुक्यातले गलाई करणारे बांधव देशभर पसरले आहेत. ते काय करतात? सोनाराच्या दुकानातली झाडलेली मातीसुद्धा विकत घेतात. ती जाळतात, गाळतात आणि कणभर सोने बाजूला काढतात. माती फुकट म्हणून फेकत नाहीत आणि सोने आहे म्हणून मातीचे पोते तिजोरीतही ठेवत नाहीत. पेटी आवरणे म्हणजे ही गलाई आहे. योगायोग असा, की जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतले चित्र चांदीच्याच बारीक कणांचे बनलेले असते.

आता रीत सांगतो. मी चुकून शिकलो, आपण न चुकता शिकावे.

घाईत पेटी उघडू नये. गवंडी दारात असताना तर नाहीच. आणि एकट्याने उघडू नये. घरातले सर्वांत वडीलधारे माणूस शेजारी बसवावे. पहिला ढीग कामाच्या कागदांचा: पास, पगाराच्या पावत्या, फंडाचे कागद, शाळेचा दाखला, जमिनीचे उतारे. यातला एकही कागद दोन जाणत्या माणसांनी वाचल्याशिवाय टाकू नये.

दुसरा ढीग फोटोंचा. एकेक फोटो वडीलधाऱ्यांच्या हातात द्यावा आणि विचारावे, "हे कोण? कुठले? कधीचे?" उत्तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. चिकट पानांचे आल्बम दिसायला छान. पण त्यांचा गोंद फोटो खातो. साधे कागदी पाकीट बरे. पेटी जमिनीपासून वर, ओल नसलेल्या जागी ठेवावी. वाळवीला वाट देऊ नये. एकाच प्रसंगाचे दहा फोटो असतील, तर दोन ठेवावेत. ज्यातले तोंड ओळखू येत नाही आणि भावकीत दाखवूनही कोणाला सांगता येत नाही, ते जड मनाने का होईना, जाऊ द्यावेत. मोबाइलवर नक्कल काढता येते, ती जरूर काढावी. पण मोबाइलमध्ये आज हजारो चित्रे असतात आणि एकाच्याही मागे नाव नसते, हेही ध्यानात घ्यावे. आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींना विचारल्याशिवाय वाटणी करू नये. माझ्या घरचा एकमेव फोटो लेकीनेच वाचवला.

तिसरा ढीग लहानपणच्या वस्तूंचा. यात माझ्या आजीची रीत मला पटते. ती जुनी लुगडी साठवत नसे. प्रत्येकातला एक तुकडा वाकळेत घाली. बाकीचे बोहारणीला देई. त्या वाकळेवर बोट ठेवून ती सांगे, "ह्यो माझ्या लग्नातला, ह्यो तुझा बाप झाला तवाचा." सगळी लुगडी गेली आणि सगळी राहिली. मुलांच्या वस्तूंचेही तसेच करावे: एका माणसाला एक पेटी, त्यात मावेल तेवढे. आणि वस्तू ज्याची, त्याला विचारावे. माझ्या मुलीच्या शाळेच्या सगळ्या वह्या मी जपल्या होत्या. ती पुण्याहून आली, हसली आणि म्हणाली, "आप्पा, हे तुम्ही तुमच्यासाठी ठेवलंय, माझ्यासाठी नाही." तिने एक पान घेतले: पहिलीत स्वतःचे नाव चुकवून लिहिले होते, ते. बाकीची रद्दी झाली. माझेच मन हलके झाले.

एक अपवाद मात्र आहे. कोणाचे मूल गेलेले असते आणि त्या माउलीने एखादे टोपडे जपलेले असते. त्याला कोणी नियम लावू नये. ते तिचे आहे. ते कधी ठेवायचे, कधी सोडायचे, ते तिचे ती ठरवील.

मी जाळलेल्या गठ्ठ्यात पत्रेही होती, हे मघाशी सांगितले. पासाच्या जागी तिकीट नंबर मिळाला. पत्रांच्या जागी मात्र काही मिळणार नाही. खोलीतल्या दहा-बारा गड्यांत राहून माझ्या बापाने घरी काय लिहिले होते, ते मला आता कधीच कळणार नाही. आईला वाचता येत नाही. तिने ती दुसऱ्याकडून वाचून घेतली होती आणि आता तिलाही नीट आठवत नाही. म्हणून सांगतो, वस्तू वाट पाहते; माणूस पाहत नाही.

आपल्याला एकच विनंती करतो. दसऱ्याची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर पेटीतला एकच फोटो काढा, घरातल्या सर्वांत जुन्या माणसापुढे धरा आणि विचारा, "हे कोण?" जे सांगतील, ते मागे लिहा. उद्या दुसरा. एवढे केलेत, तरी माझ्या चुकीचे काही सार्थक झाले, असे मी समजेन.