वीरबालांचे शिबिर

उन्हाळी शिबिरातील व्याख्याने मुली विसरतात; तीन दगडांच्या चुलीवर स्वतः करपविलेली भाकरी मात्र जन्मभर आठवते. अमेरिकेत ज्युलिएट लो यांनी १९१२ साली सव्हाना येथे १८ मुलींनिशी वीरबालांचे कार्य आरंभिले, तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. ऐकूही फार थोडे येई. जॉर्जियातील डोंगरावर १९२२ साली त्यांच्या नावाचे शिबिर निघाले. तेथे शेकोटीपाशी त्या मुलींना गोष्टी सांगत. १९२७ साली त्यांचे दफन वीरबालेच्या गणवेशातच झाले.

आपल्याकडे पुण्यास १९६६ पासून ‘संगम’ हे वीरबालांचे जागतिक केंद्र आहे. तरीही मुलीला चार रात्री बाहेर धाडण्यास खेड्यातील आईबाप कचरतात, आणि त्यांचे भय अगदीच खोटे नव्हे. शिक्षिकेने घरोघर जाऊन बोलावे. पहिल्या रात्री आयांनाच शेकोटीस बोलवावे.