खुंट राहिले तर रान राहते



कोकणात जंगल वाढले की घटले, या वादात मला फारसा रस नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के छाया धरली की ते वनाच्छादन. मग ती देवराई असो की काजूची बाग. वरून दोन्ही हिरवेच दिसते. खरा प्रश्न तोडीनंतर पुन्हा काय उगवते, हा आहे.

दोडामार्ग-सावंतवाडीकडचे जुने खाजगी रान घ्या. ते काही अस्पर्श नव्हते. भाजावळीसाठी कवळतोड व्हायची, सरपण निघायचे, अडीनडीला अख्खे रान लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले जायचे. तरी ऐन आणि किंजळ पुन्हा उभे राहत, कारण कुऱ्हाड खुंट ठेवते आणि खुंटाला धुमारे फुटतात. तोड सोसण्यात हे दोघे पटाईत, म्हणूनच तोडीच्या रानात त्यांचीच चलती.

1990 च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस डोंगर आंबा-काजूखाली गेले. घरोघरी पैसा आला. त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण पुढे रबर आले, जेसीबी आला. जेसीबी खुंट मुळासकट उपटतो, वरची मातीही खरवडतो. मग जे काही उगवायचे ते बाहेरून येणाऱ्या बियांतूनच. ऐन-किंजळाच्या फळांना पंख असतात, ती वाऱ्यावर येतात. रानमोडी या तणाचे केसाळ बी त्यांच्याही आधी हजर!

रानजायफळाची गोष्टच निराळी. त्याचे बी जड. लाल पत्रीच्या लोभाने धनेश ते गिळतो आणि लांब नेऊन टाकतो. पण ते वाळले की मेले. बेणून साफ केलेल्या, उन्हात तापलेल्या बागेत पडून ते काय रुजणार? शिवाय धनेशाला घरट्यासाठी ढोलीचे जुनाट झाड लागते. तेच आधी तुटलेले असते. हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत रानजायफळे टिकली, ती देवाच्या धाकाने आणि बारमाही ओलीने. तिथे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर आलेली दिसतात; झाड त्यांतून हवा घेते. 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पण वरच्या अंगाला झरा वळवला, तर शासनाची अधिसूचना चिखल ओला ठेवू शकत नाही.

बाग सोडून दिली की रान आपोआप पूर्ववत होते, असे कुणी म्हणाले तर फ्रान्सकडे बोट दाखवा. तिथल्या ईशान्य भागात रोमन काळात ओस पडलेल्या शेतांवर जंगल माजले. दीड हजारांहून अधिक वर्षे उलटली, तरी जुन्या वस्तीजवळची वनस्पतीसृष्टी आणि लांबची यांत फरक आढळतो, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. शेतीने बदललेली माती अजून बदललेलीच आहे.

तेव्हा बागायतदार मंडळींना एवढेच सांगणे आहे: काजू जरूर लावा. मात्र वहाळाच्या दोन्ही काठांचा पट्टा सोडा, ढोलीचे झाड राखा आणि जेसीबीवाल्याला खुंट उपटू देऊ नका.