भाषेची सक्ती असावी का?
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



"इस्राएलात येणाऱ्याने हिब्रू शिकलीच पाहिजे का?" या विषयावर दोन शब्द बोलावेत, असे कमिटीने मला सांगितले. मी काही विदुषी नाही. माझे आयुष्य वॉर्डात गेले, तेव्हा वॉर्डातलेच सांगते.

आधी कायदा बघू. १९५० च्या परतीच्या कायद्याखाली आलेल्या आपल्यासारख्यांना नागरिकत्वासाठी भाषेची अट नाही. बाहेरून येऊन अर्ज करून नागरिक होणाऱ्याला मात्र १९५२ च्या कायद्याप्रमाणे थोडीफार हिब्रू यावी लागते. आपल्यावर सक्ती नव्हती. आपल्यासाठी उल्पान होते. जेरुसलेमचे उल्पान एत्झिऑन तर १९४९ सालीच सुरू झाले.

मी १९८४ साली मुंबईहून नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आले. उल्पान केले, परीक्षा दिली आणि कामाला लागले. एका रात्री डॉक्टरांनी फोनवरून औषधाची मात्रा सांगितली. ते म्हणाले 'हमेश-एस्रे', म्हणजे पंधरा. मी ऐकले 'हमिशीम', आणि कागदावर पन्नास लिहिले. मुख्य नर्सने परत वाचायला लावले म्हणून चूक कळली. औषध अजून कपाटातच होते. त्या रात्रीपासून माझे ठाम मत आहे: ज्याच्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याला भाषेची सक्ती हवीच. तिथे दयामाया नको.

आता माझ्या सासूबाईंचे ऐका. त्या १९६४ साली दिमोनाला आल्या. दिवसा कापडगिरणी, संध्याकाळी चार मुले. उल्पानला जाणार केव्हा? बाजारापुरती हिब्रू शिकल्या, तेवढीच. १९९९ साली त्या कुपत होलीममध्ये गेल्या. मी ड्यूटीवर होते, म्हणून माझ्या बारा वर्षांच्या मुलाला दुभाष्या म्हणून पाठवले. पाळी जाऊन कित्येक वर्षे झाली होती, तरी त्यांना रक्त जात होते. ते नातवाच्या तोंडून कसे सांगणार? "पोट दुखते" एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पोटदुखीच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी त्यांनी मला खरे सांगितले, आणि तपासणीत गर्भाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले, पण उशीर झाला होता. दोन वर्षांत त्या गेल्या. मुलाला पाठवले ते मीच. हा दोष मी अजून वाहते आहे.

कोणी म्हणेल, "बाईंना हिब्रू शिकण्याची सक्ती केली असती तर?" सक्तीने त्यांना वेळ मिळाला असता का? गिरणीने पगारी सुटी दिली असती, मुले कोणी सांभाळली असती, तर त्या आपण होऊन शिकल्या असत्या. आपले पूर्वज कोकणात तेल गाळता गाळता मराठी शिकले, ते काही कोणी हुकूम काढला म्हणून नव्हे. आणि हिब्रू प्रार्थनेचा अर्थ घरच्या बायामुलांना कळावा म्हणून १८७४ साली पुण्यात हग्गादा मराठी अर्थासह छापली गेली.

आणखी एक गोष्ट. मी एका वृद्धाश्रमात काम केले. तिथे आपल्यातले एक काका होते. चाळीस वर्षे अस्खलित हिब्रू बोलले. पुढे स्मृती गेली. अशा आजारात पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी जाते. "रात्री बडबडतात" असे नोंदवहीत लिहिलेले होते. मी जवळ जाऊन ऐकले, तर काका म्हणत होते, "लघवीला जायचंय, बाय." म्हणजे शिकलेल्यालाही शेवटी आपली भाषा लागते.

आरोग्य मंत्रालयाने २०११ साली परिपत्रक काढून दवाखान्यांना भाषेची सोय करायला सांगितले आहे. पण मराठीचा दुभाष्या दर वेळी कुठून मिळणार? तो आपल्यातूनच उभा राहायला हवा.

म्हणून माझे मत असे: डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर यांना भाषेची सक्ती असावी. बाकीच्यांना शिकायला वेळ आणि वर्ग द्यावेत, आणि म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत औषधपाणी मिळावे. नातवंडांना दुभाषी करू नका. आपल्या सिनेगॉगमध्ये एक यादी लावावी: दवाखान्यात सोबत यायला तयार असलेल्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या मोठ्या माणसांची. पहिले नाव माझे लिहा.

देव आपल्या सिनेगॉगला बरकत देवो. शालोम.